ट्यूडर दरबारात शिरताना: सफोक की नॉरफोक?

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्रीच्या राण्यांच्या कथा वाचून झाल्या आणि आता तो दरबार आतून समजून घ्यायचा असेल, तर एका सरदाराचं आयुष्य धरून चालणं सोयीचं पडतं. त्यासाठी दोन नावं हमखास पुढे येतात: सफोकचा ड्यूक चार्ल्स ब्रँडन आणि नॉरफोकचा तिसरा ड्यूक टॉमस हॉवर्ड.

1485 मध्ये, सातव्या हेन्रीने तिसऱ्या रिचर्डकडून गादी घेतली त्या बॉसवर्थच्या लढाईत, ब्रँडनचे वडील सातव्या हेन्रीचं निशाण सांभाळताना पडले, तर हॉवर्डचे आजोबा तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना. हॉवर्डांची ड्यूकपदवी गेली. ती परत मिळाली 1514 मध्ये, फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा मारल्यावर. ब्रँडनही ड्यूक झाला तो त्याच वर्षी.

वाचायला ब्रँडन सोपा आहे, हे मान्यच करायला हवं. 1515 मध्ये त्याने राजाच्या विधवा बहिणीशी, मेरीशी, पॅरिसमध्ये परवानगीविना लग्न केलं. एरवी यात मुंडकं गेलं असतं, पण भरमसाट दंडावर निभावलं. पुढे फ्रान्सची मोहीम, लिंकनशरचं बंड, बुलोन्यचा वेढा, आणि 1545 मध्ये अंथरुणात मरण. राजाने त्याला स्वखर्चाने विंडसरला पुरलं.

मला एकच गोष्ट खटकत राहिली, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. ब्रँडन यातून कसा सुटला, असं कुठेही विचारा, उत्तर एकच येतं: राजाची मर्जी. 1515 मध्ये राजाचा मंत्री वुल्झी याने मध्यस्थी केली हे खरं, पण ती फळली त्याच मर्जीमुळे. हे दोन-तीनदा झाल्यावर पुढचं पान उलटायची उत्सुकताच उरत नाही. ज्याच्यावर राजाचा जीव नव्हता त्या सरदाराने दिवस कसे काढले, हे ब्रँडनकडून कळत नाही.

नॉरफोकला ही सवलत नव्हती. प्रत्येक वेळी उपयोगी पडून त्याला आपली जागा राखावी लागली. मे 1536 मध्ये सख्खी भाची ॲन बुलिन हिच्या खटल्यात तोच अध्यक्ष होता आणि मृत्युदंडही त्यानेच सुनावला. उत्तरेतलं बंड आधी वाटाघाटींनी थोपवलं, मग 1537 मध्ये कार्लाइलला लष्करी कायदा लावून 74 जणांना फासावर चढवलं. 1540 मध्ये राजाचा मुख्य मंत्री क्रॉमवेल याला मंत्रिमंडळाच्या बैठकीतच अटक झाली, तेव्हा नॉरफोक पुढे होता. त्याच उन्हाळ्यात पुतणी कॅथरीन राणी झाली. दीड वर्षात तिचंही डोकं उडालं. जानेवारी 1547 मध्ये मुलगा सरे याचा शिरच्छेद झाला आणि याचा व्हायच्या आतच हेन्री मेला, म्हणून हा वाचला. हेन्रीचा मुलगा एडवर्ड याची सगळी कारकीर्द नॉरफोकने लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत काढली. 1553 मध्ये हेन्रीची मुलगी राणी मेरी हिने सोडल्यावर ऐंशीच्या घरातला हा म्हातारा तिच्याविरुद्धच्या वायटच्या बंडावर चालून गेला.

माणूस आवडण्यासारखा नाही. पण टॉवरमधून त्याने ऑगस्टीन आणि जोसेफसची पुस्तकं मागितली, वाचल्याशिवाय झोप येत नाही म्हणून. तिथे तो मला पहिल्यांदा जवळचा वाटला.

नॉरफोकमध्ये अडचण नावांची आहे. दुसरा, तिसरा आणि चौथा ड्यूक, तिघेही टॉमस हॉवर्ड. फ्लॉडनला बाप आणि मुलगा दोघेही लढले, आणि ड्यूक होण्याआधी दोघेही सरेचे अर्ल. 1524 पूर्वीच्या कागदात नॉरफोक दिसला की तो बाप, एवढं ध्यानात ठेवलं तर बरंचसं निभावतं.

थोडक्यात आणि रंजक हवं असेल तर ब्रँडन कदाचित पुरेल. सत्ता कशी चालत होती हे पाहायचं असेल, तर माझा कल नॉरफोककडे आहे. फक्त त्याच्या जन्मापासून सुरुवात करू नका. मे 1536 चा खटला आधी वाचा. ज्या सव्वीस सरदारांनी निवाडा दिला, त्यांत ब्रँडनही होता, त्यामुळे दोघेही एकाच दालनात भेटतील.