आम्ही गावाला गेलो की आमच्या बाथरूमचं काम व्हायचं

ठेकेदार कसा फसवतो हे नव्याने सांगायची गरज नाही. आधी ॲडव्हान्स, मग "दादा, मटेरियलचे भाव वाढले", मग फोन बंद. हा पाढा सगळ्यांना पाठ असतो, मलाही होता. तरी एकूण ४,७२,५०० रुपयांना बुडालो, कारण त्याला आम्ही पैशांच्या आधी एक वेगळीच गोष्ट दिली होती. आमचं कॅलेंडर.

मावशी मार्च २०२५ मध्ये लेकीकडे न्यू जर्सीला गेली, सहा महिन्यांसाठी. घर राखायला कोणीतरी हवं होतं. आमचा ६४० चौरस फुटांचा टू बीएचके पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही बाथरूम झिरपणारी. नूतनीकरणासाठी फ्लॅट रिकामा करायचाच होता, तर मावशीकडे राहू, तेवढं भाडं वाचेल. यात मूर्खपणा काय होता ते मला अजूनही कळलेलं नाही. मावशीच्या घराची कामंही सांभाळली: वापरात नसलेल्या बाथरूमच्या जाळीत दर चार-पाच दिवसांनी तांब्याभर पाणी (नाहीतर जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वाकड्या नळीतलं पाणी वाळतं आणि वास, झुरळं वर येतात), इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी, तुळस. त्यात मे-जूनमध्ये पाहुण्यांची रांग. कोण कधी येणार, आम्ही कधी कुठे जाणार याचं एक गूगल कॅलेंडर केलं आणि ठेकेदाराशी शेअर केलं. का, तर म्हणे "दादा, तुमची वेळ कळली की मी साइट व्हिजिट त्याप्रमाणे लावतो." केवढा व्यवस्थित माणूस, असं वाटलं होतं.

आता त्या कॅलेंडरशेजारी कामाच्या तारखा ठेवून बघा. १७ आणि १८ मे, नाशिकला साठीशांत: बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. ७ आणि ८ जून, मेव्हण्याच्या कुटुंबाला घेऊन महाबळेश्वर: भिंतीत वायरी टाकून प्लास्टर. २० जून, पालखी पुण्यात, रस्ते बंद, आम्ही मावशीच्या घरातच अडकलेले: प्लायवूड उतरलं. जे काम वरून झाकलं जातं ते नेमकं आम्ही नसताना. रंग आणि टाइल्स मात्र आमच्या डोळ्यांदेखत, चहा पीत.

करार ७,८५,००० चा. सुरुवात ५ मे, मुदत ६० दिवस. बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,३००. ते "वाचवले". जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिनशिवाय, फुकट, करदात्याचा नंबर टाकून शोधता येतं. त्याच्या लेटरहेडवरचा नंबर मी सप्टेंबरमध्ये टाकून पाहिला. नोंदणी रद्द. एप्रिलमध्ये पाहिला असता तर दोन मिनिटं लागली असती.

पैसे असे गेले: बुकिंगचे १,००,००० यूपीआयने, तोडफोड सुरू होताना १,५०,००० रोख, पावती नाही, फक्त व्हॉट्सॲपवर "मिळाले दादा" आणि हात जोडलेले, मटेरियलचे २,१०,००० बँकेतून, आणि १४ ऑगस्टला १,२०,०००. एकूण ५,८०,०००. हप्ते तारखांना बांधलेले होते, कामाच्या टप्प्यांना नाही. ते टप्प्यालाच बांधायचे: बुकिंगला दहा टक्क्यांच्या वर नाही, पुढचा हप्ता मागचा टप्पा तपासल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत आपल्या खिशात.

आता तो फोटो.

१८ मे, दुपारचे पावणेएक, नाशिकला पंगत बसायच्या बेतात. व्हॉट्सॲपवर फोटो: फरशीखालच्या खड्ड्यात काठोकाठ पाणी, कडेला निळी बादली, खाली "दादा, पाँडिंग टेस्ट चालू. ४८ तास." म्हणजे पाणी भरून ठेवायचं आणि गळतं का ते बघायचं. मी अंगठा टाकला. बायको म्हणाली, "ही बादली कोणाची? आपली तर लाल होती." मी म्हणालो, "असेल मजुरांची."

बादली सोडा. आमच्या बाथरूमची खिडकी दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला आहे. फोटोत उजव्या हाताला होती.

तेही सोडा. १६ तारखेच्या संध्याकाळी मी स्वतः साइटवर होतो. फरशी फोडून झाली होती, राडारोडा तसाच पडलेला. तिथून पुढे स्लॅब घासून धुवायचा, पाइप जिथे स्लॅबमधून जातात ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई मारायची, केमिकलचा एक हात, तो सुकल्यावर आडवा दुसरा हात, मग दोन-तीन दिवस सुकू द्यायचं आणि त्यानंतर पाणी भरायचं. हे सगळं दीड दिवसात? मला ते कळत नव्हतं असंही नाही. हा क्रम मीच कोटेशनमध्ये लिहून घेतला होता! मीच! आणि नाशिकच्या पंगतीत मठ्ठ्याचा घोट घेत त्याला अंगठा पाठवला.

त्या दोन दिवसांत झालं ते एवढंच: खड्ड्यात सरळ विटांचे तुकडे आणि सिमेंट, म्हणजे कोबा, वर टाइल्सची तयारी. कोबा हे भरावाचं काम आहे. खाली केमिकल नसेल तर तो पाणी अडवत नाही, पिऊन बसतो आणि महिन्यांनी खालच्या घराला देतो. मजूर तीन महिने तिथेच राहत होते, तिथेच आंघोळ करत होते. १९ ऑगस्टला खालच्या काकूंच्या छताला ताटाएवढा पिवळा डाग आला. नळाच्या पाइपांची प्रेशर टेस्ट झालेली नव्हती हे वेगळंच. कोबा टाकण्याआधी हातपंपाने दाब देऊन काटा तासभर हलत नाही ना, हे बघायचं. कोब्याचा उतार जाळीकडे आठ फुटांना साधारण एक इंच हवा. आमच्या एका बाथरूममध्ये तो दाराकडे होता.

रिकामे डबे मोजा. भंगारवाल्याला देऊ नका, मोजा. आमच्या एका बाथरूमचा तळ सात बाय साडेचार, त्यात खड्ड्याच्या भिंती आणि वरचा फूटभर पट्टा धरला तर दोन हातांना १२ ते १५ किलो केमिकल लागतं. दोन बाथरूमना मिळून साइटवर ५ किलोचा एकच डबा निघाला, तोही अर्धा भरलेला.

प्लायवूडचं तर मला हसू येतं. २२ शीट, आठ बाय चार, म्हणजे ७०४ चौरस फूट. बिलात ७१० ग्रेड, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, ११८ रुपये फूट, ८३,०७२ रुपये. आलं ते ६६ रुपयांचं साधं कमर्शियल, ४६,४६४ चं. इथे ३६,६०८ खाल्ले. शिक्का मात्र ७१० चा, आयएसआयच्या खुणेसकट. त्या खुणेखाली सीएम/एल नंबर असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा ते दिसतं. आमच्या शीटवर नाव एका कंपनीचं, नंबर दुसरीचा. नाहीतर सुताराने कापलेला तुकडा घ्या आणि पातेल्यात चार तास उकळा. ७१० ला काही होत नाही. आमचा तुकडा खारीसारखा पापुद्रे सुटून वर तरंगला. हे २० जूनला संध्याकाळी करता आलं असतं, गॅस मावशीचा होता, वेळही होता.

वायर: गीझरला ४ चौरस मिलिमीटर ठरली होती, टाकली दीडची. इन्सुलेशनवर छापलेलं असतं, प्लास्टरच्या आधी वाचा.

आणि ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. मावशीच्या ड्राय बाल्कनीच्या भिंतीला ओल दिसली म्हणून मी याच माणसाला तिच्या घरात नेलं. २२,५०० घेतले आणि टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून गेला. पहिल्या पावसात ओल परत. राखायला दिलेल्या घरात चोराला मी स्वतः किल्ली देऊन आत घेतलं. हे पैसे मी माझ्या खिशातून भरले, मावशीला ती परत आल्यावर सांगितलं. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

पाऊस त्याला फळला. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे प्रत्येक उशिराला "दादा, पाऊस बघा ना." आणि मग गणपती. २७ ऑगस्टला गणपती नव्या घरात बसवायचा हे त्याला कॅलेंडरवरून माहीत होतं. १४ ऑगस्टला म्हणाला, "बाप्पा नव्या घरात आणायचा ना? मग आज एक वीस द्या, दहा माणसं लावतो." यूपीआयची मर्यादा लाखाची, म्हणून एक लाख माझ्या खात्यातून आणि वीस हजार बायकोच्या खात्यातून पाठवले. १६ तारखेनंतर तो साइटवर दिसला नाही. गणपती मावशीकडेच बसला. विसर्जनानंतर ८ सप्टेंबरला एका सिव्हिल इंजिनिअरला बोलावून टाइल्स उचकटल्या. त्याने झालेल्या कामाची किंमत लावली ३,१२,०००. म्हणजे २,६८,००० हवेत गेले, मावशीकडचे २२,५००, दोन्ही बाथरूम पुन्हा करायला १,६४,०००, काकूंच्या छताला १८,०००. इंजिनिअरची फी यात धरलेली नाही.

पोलीस चौकीत चार वेळा गेलो. पहिल्यांदा: "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा: "काम थोडं तरी केलंय ना? मग फसवणूक कशी?" म्हणजे चोराने घरातली अर्धीच भांडी नेली तर ती चोरी नाही. तिसऱ्यांदा हद्दीचा प्रश्न निघाला: फ्लॅट एका हद्दीत, आम्ही राहतो दुसरीकडे, मावशीकडच्या कामाचे पैसे तिथे दिलेले. झिरो एफआयआर कायद्यात आहे, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, हे मी म्हणालो. समोरचे म्हणाले, "तुम्हाला कायदा माहीत आहे तर मग आमच्याकडे कशाला आलात?" चौथ्यांदा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं आहे, जुन्या ४२० च्या जागी आलेलं. फोटो दुसऱ्याच बाथरूमचा पाठवून हप्ता घेतला, प्लायवर खोटा शिक्का, हे सिव्हिल कसं ते कोणी समजावलं नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आमच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा कागदोपत्री मागमूस नाही.

एका हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं ताटकळून उत्तर मिळालं की तक्रार "संबंधित कंपनीकडे" पाठवली आहे. कुठली कंपनी? तो एक माणूस आणि एक स्कूटर आहे! आमच्या सोसायटीने तर कमाल केली. कामाला परवानगी देताना १०,००० डिपॉझिट घेतलं होतं, ते जप्त, कारण ठेकेदाराने राडारोडा फुटपाथवर टाकला. मी सेक्रेटरींना विचारलं, गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याच्या टेम्पोच्या नोंदी आहेत त्या द्याल का, पुरावा म्हणून. म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो. कमिटीची बैठक अजून व्हायची आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो तिथे करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये; आमची ६,०२,५००, म्हणून २००. मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. आमच्या वकिलांनी पहिल्यांदा मागितलं ते बिल, जे आम्ही १,४१,३०० वाचवायला घेतलं नव्हतं. रोख दिलेले दीड लाख आता त्या "मिळाले दादा" वर उभे आहेत. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन विकू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. टाइल्स फोडण्याआधी ठेकेदाराला लेखी नोटीस पाठवा, फोडताना व्हिडिओ काढा. नाहीतर तो म्हणणार, तुम्हीच मोडलं. तो तेच म्हणतोय.

खालच्या काकूंच्या भाचीच्या ओळखीतल्या एकांनी ऑक्टोबरमध्ये मला फोन केला. त्यांना याच माणसाने आमच्या हॉलचे फोटो "झालेलं काम" म्हणून पाठवले होते. त्यांनी आगाऊ पैसे दिले नव्हते, सुटले. मी त्यांना विचारलं, वॉटरप्रूफिंगचा काही फोटो पाठवला का? त्यांनी तो मला पाठवला. पाणी काठोकाठ, खिडकी उजव्या हाताला, निळी बादली. तुम्हालाही आला असेल तर ते बाथरूम तुमचं नाही.