कानाचं काम करणारं कुत्रं: हॉस्टेलला शिकवून आणायचं की घरीच तयार करायचं?

आमच्या आईला ऐकू कमी येतं, कानाला मशीन लावूनही बेल आणि कुकर कळत नाही, म्हणून आम्ही कुत्रं घेतलं. आवाज झाला की येऊन तिच्या गुडघ्याला नाक लावायचं आणि आवाज आला तिथं घेऊन जायचं, एवढंच काम. ह्या भानगडीत पडणाऱ्यांना बाकीचं माहीत असतंच, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

आधी जातीचं. मुधोळ हाउंड का नाही घेतलास, मुधोळ गाव इतकं जवळ असून, असं बेळगावात भेटेल तो विचारतो. हुशार आहे, वाद नाही, 2016 ला आर्मीने पण मुधोळची कुत्री मेरठला ट्रेनिंगला नेली. खरं ते नजरेनं शिकार करणारं कुत्रं, समोरून मांजर पळालं की बेल राहिली बाजूला. लॅब म्हणजे लॅब्राडॉर खादाड, आणि हे सगळं ट्रेनिंग खाण्यावरच चालतं, म्हणून लॅब.

आता हॉस्टेल, म्हणजे कुत्र्याला ट्रेनरकडंच ठेवायचं आणि शिकवून झालं की घरी आणायचं. माझ्या निपाणीच्या मामेभावानं हाच रस्ता धरला, त्याच्या आईसाठी. कुत्रं परत आलं ते एकदम शिस्तीत, पट्टा ओढत नाही, चपला खात नाही, घरात घाण नाही. हे सगळं घरी करायचं म्हणजे काय ताप असतो ते मला विचारा. ट्रेनर दारात उभा राहून बेल वाजवायचा, कुत्रं पळत जाऊन मामीला नाक लावायचं, बघून सगळे खूश.

ट्रेनर गेला आणि गंमत सुरू झाली. भावाचं घर भरलेलं, बेल वाजली की सूनबाई उठणार, नाहीतर पोरं दाराकडं धावणार, कुत्रं मामीपर्यंत पोचायच्या आत दार उघडलेलं. मग मामी जागची उठत नाही, बक्षीस देत नाही, कुत्र्यानं कशाला मरायचं? हळूहळू त्यानं मामीकडं जायचंच सोडलं, आता बेल झाली की ते पण पोरांच्या मागून दारात. ट्रेनरची चूक म्हणवत नाही, त्यानं शिकवलेलं बरोबरच होतं, खरं घरच्यांना कोण शिकवणार? माझं मत तिथंच ठरलं.

आम्ही पिल्लू आणलं आणि ट्रेनरला रविवारी घरी बोलवायला लागलो. तो कुत्र्यापेक्षा आम्हालाच जास्त ओरडायचा. नियम एकच, बेल वाजली तरी आईशिवाय कुणी उठायचं नाही, कुरिअरवाला थांबू दे. आई खुर्चीत, पदराखाली उकडलेल्या चिकनचे तुकडे, मी बाहेर बेल दाबणार, पिल्लाचं नाक गुडघ्याला लागलं की तुकडा, मग दोघं मिळून दाराशी आणि तिथं अजून एक. बाबांना न उठता बसायला जेवढा वेळ लागला तेवढा पिल्लाला पण लागला नसेल. कुकरची शिट्टी आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून हळू आवाजात लावली, तरी खऱ्या शिट्टीला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, तिचा आवाज त्याला वेगळाच वाटत असावा.

त्रास आहेच. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाला गर्दी-आवाजाची सवय लागली पाहिजे आणि तेव्हाच लसी पुऱ्या झालेल्या नसतात, पार्वो ह्या कुत्र्यांच्या रोगाची भीती, त्यामुळं खडेबाजारात त्याला कडेवर घेऊन फिरायचं. त्यात गल्लीतली मंडळी प्रेमानं कुंदा भरवायला येतात, त्यांना नको म्हणणं सगळ्यात अवघड. आणि कुत्रं कामाला पक्कं व्हायला दीड-दोन वर्षं धरूनच चाला.

घरात दोघंच असाल, त्यातला एकजण दिवसभर ड्युटीवर, तर हॉस्टेल बरं पडेल असं मला वाटतं, अशा घरात मधे उठून दार उघडणारं कुणी नसतंच. खरं घर भरलेलं असेल तर मी तरी घरीच करा म्हणेन. आणि तरीही हॉस्टेललाच पाठवणार असाल तर ट्रेनरला पैसे द्यायच्या आधी एवढं विचारा, कुत्रं परत आल्यावर तुम्ही आमच्या घरी किती वेळा येणार, आणि आलात की सगळ्यांना बसवून घेणार का.