वसईच्या वाडीतला होमस्टे, उपवासकाळात राहून आलो त्याबद्दल

बरेच दिवस लिहायचं होतं. वसई पश्चिमेला, निर्मळ-भुईगावच्या पट्ट्यात एक कुपारी ख्रिस्ती (कुपारी म्हणजे वसईकडचा एक स्थानिक समाज) कुटुंब आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतं. बोर्डबिर्ड काही नाही, ओळखीतूनच बुकिंग घेतात. आम्ही मार्चमधे वीकेंडला गेलो होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. माणशी पंधराशेच्या आसपास पडतात, राहणं आणि तिन्ही वेळचं खाणं धरून, लहान मुलांचे अर्धे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण लोक ख्रिश्चन घर म्हटलं की वाईन, सोरपोतेल आणि गिटार डोक्यात घेऊन जातात. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा उपवासकाळ चालू होता, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस. शुक्रवारी घरात मटण चिकन शिजत नाही, मासे चालतात. काकूंनी हे फोनवरच सांगितलं आणि वर मलाच विचारलं, तुमच्यात शनिवार कोण पाळतं का, म्हणजे त्या दिवशी तव्यापासून सगळं वेगळं ठेवते. सासूबाई शनिवार पाळतात आणि निघेपर्यंत त्यांना हीच एक काळजी होती. ती फोनवरच मिटली. एवढं मला पैसे घेऊन हॉटेलात कधी कोणी विचारलेलं नाही.

घर जुनं आहे, पुढे मोठा ओटा, मागे केळीची आणि पानवेलीची वाडी, वाडीत बावखल, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. घरात काका-काकू, काकांची आई, मुलगा-सून (दोघं रोज लोकलने मुंबईला जातात) आणि नातवंडं. शिवाय एक नर्सिंग शिकणारी मुलगी, जव्हारकडची. मी तिला पेइंग गेस्ट समजत होते तर तीच म्हणाली की इथे माझ्याकडून भाडं घेत नाहीत, हॉस्टेल मिळालं नाही म्हणून पहिल्या वर्षी आले ती राहिलेच. घरातले आपसात कादोडी, म्हणजे त्यांची बोली, बोलतात, आपल्याला अर्धंमुर्धं कळतं, आपल्याशी लगेच आपल्या मराठीत येतात. आजी अजून लाल लुगडं नेसतात.

शुक्रवारी संध्याकाळी जे झालं ते सांगते म्हणजे हे कसलं ठिकाण आहे ते कळेल. आम्ही पोचून तास झाला असेल नसेल, तेवढ्यात सगळे आवरून निघाले, चर्चमधे क्रूसाची वाट होती. येशूला शिक्षा झाल्यापासून थडग्यात ठेवेपर्यंतचे चौदा प्रसंग असतात, एकेका प्रसंगापाशी थांबून प्रार्थना करत पुढे जायचं, उपवासकाळातल्या शुक्रवारी करतात. काकूंनी माझ्या हातात घराची किल्ली दिली आणि म्हणाल्या, "आजी आतमधे आहेत, त्यांना साडेसहाला चहा द्या, साखर कमी, आणि दूधवाला आला तर एक लिटर घेऊन ठेवा." बस. तासाभराची ओळख आणि अख्खं घर आमच्यावर सोडून गेले. मी चहा केला, डबे शोधत शोधत. आजींनी कप संपवून सांगितलं की साखर अजून कमी हवी होती. मला इतकं बरं वाटलं ना त्या घरात, त्या चहापासून.

जेवण साधं आणि फार चांगलं. शुक्रवारी रात्री तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं कालवण, केळफुलाची भाजी. शनिवारी सासूबाईंना वाल आणि अळू, आम्हाला चिकन. मसाला घरचा, वर्षाचा एकदम कुटून बाटल्यांत भरलेला. तिखट आहे, मुलांसाठी आधी सांगून ठेवा. सगळे एकत्र जेवतात, पाहुण्यांचं वेगळं टेबल वगैरे नाही आणि जेवणाआधी छोटी प्रार्थना होते तेवढं थांबायचं.

साडेसातला जपमाळ. आल्तारासमोर, म्हणजे त्यांच्या घरातल्या देव्हाऱ्यासमोर, सगळे बसतात, टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. पाहुण्यांनी बसलंच पाहिजे असं अजिबात नाही, काकांनी दोनदा सांगितलं की ओट्यावर बसा, फिरून या, काही वाटून घेऊ नका. सासूबाई मात्र स्वतःहून आत जाऊन बसल्या, आपली तुळशीची माळ घेऊन. तिकडे "नमो मरिया" चालू आणि ह्यांचं आपलं मनातल्या मनात. नंतर दोघी म्हाताऱ्या माळा शेजारी ठेवून मणी मोजत बसल्या होत्या, आजींच्या माळेत एकोणसाठ, आमच्या माळेत एकशे आठ. शेवटी घरातल्या आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या नातीसाठी आणि "आज आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांसाठी" असं म्हणून प्रार्थना झाली, त्यात माझ्या मुलांची नावं घेतली. मग नातवंडं एकेक करून आजींचा आशीर्वाद घेऊन आली तशी आमचीही दोघं त्या रांगेत उभी राहिली, कोणी सांगितलं नव्हतं. आल्तारावरच्या तसबिरीमागे नारळाच्या पातीचा वाळलेला क्रूस खोचलेला होता, मुलाने विचारलं तर काका म्हणाले तो गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारचा (ईस्टरच्या आधीचा रविवार), अशाच जुन्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात.

शनिवारी सकाळी सुकेळी बघायला मिळाली. राजेळी केळी पूर्ण पिकवून सोलायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या सुक्या पानात बांधायची, दुसऱ्या दिवशी परत पसरायची, असं बरेच दिवस. काकू एकेक केळं दोन बोटांनी दाबून बघत होत्या, मऊ लागलं की एका बाजूला, चिवट लागलं की दुसऱ्या बाजूला, आणि बोलता बोलता हात थांबत नव्हता. माझ्या मुलीला दहा मिनिटांत जमायला लागलं. विकत महाग वाटतात पण हे बघितल्यावर मी परत भाव केला नाही. सून म्हणाली की आता फार थोडी घरं करतात, राजेळी लावणारेच कमी झाले.

काका किल्ल्यावर स्वतः घेऊन गेले, वेगळे पैसे नाहीत. पोर्तुगीज 1534 मधे आले तिथपासून 1739 च्या चिमाजीअप्पांच्या मोहिमेपर्यंत सगळं सांगतात, त्यांना कुठलीही एक बाजू घ्यायची नसते. पडक्या चर्चच्या मनोऱ्याखाली उभे राहून म्हणाले, इथल्या घंटा पेशव्यांच्या सरदारांनी नेल्या त्या तुमच्या देवळांत आहेत, भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकरला. "मी नाशिकला जाऊन बघून आलो, छान ठेवलीये." त्यांच्या आवाजात जराही तक्रार नव्हती, नातेवाईकाकडे जाऊन आल्यासारखं बोलत होते. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच, 1597 मधे नागासाकीला क्रूसावर मारले गेले, त्यांच्या नावाचं चर्च गासला आहे, तिथेही नेलं.

आता त्रुटी. डास भयंकर, बावखल आणि वाडी म्हटल्यावर येणारच, मच्छरदाणी देतात पण ओडोमॉस घेऊन जा. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, अंघोळीला साबणाचा फेस होत नाही, पिण्याचं फिल्टरचं असतं. बाथरूम दोन खोल्यांत मिळून एकच. एसी नाही. गल्ली अरुंद, मोठी गाडी बाहेर चर्चजवळ लावावी लागते. बावखलाला कठडा नाही, लहान मुलं असतील तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, हे मी काकांनाही सांगितलं, एका बाजूने तरी जाळी लावा म्हणून. आणि रविवारी सगळे पहाटे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातात, ते आल्याशिवाय नाश्ता नाही, तेव्हा मुलांसाठी बिस्किटं जवळ ठेवा किंवा सरळ त्यांच्याबरोबर जा. आम्ही गेलो, मिस्सा पूर्ण मराठीत असते, मागच्या बाकावर बसलो, आजूबाजूच्यांनी सरकून जागा दिली.

रात्री उशिरापर्यंत गाणी, ड्रिंक्स, बार्बेक्यू हवं असेल तर अर्नाळा-कळंबकडे रिसॉर्ट आहेत, तिथे जा, इथे येऊन त्या घराला त्रास देऊ नका. दहाला दिवे बंद होतात. पण मुलांना एखादं चालतं-बोलतं घर दाखवायचं असेल, घरच्या म्हाताऱ्या माणसांना चार दिवस बरोबरीचं कोणी बोलायला मिळावं असं वाटत असेल, तर ह्याच्याइतकं चांगलं मी जवळपास बघितलेलं नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच, डास धरून.

वसई रोड किंवा नालासोपारा, दोन्हीकडून पश्चिमेला रिक्षा मिळते. नाताळच्या आठवड्यात खोल्या देत नाहीत, तेव्हा त्यांचेच नातेवाईक भरलेले असतात. नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, काकूंना विचारून देईन. फक्त साडेसात ते आठ फोन करू नका, जपमाळ चालू असते, कोणी उचलणार नाही.