तालुका कोर्टातलं मोफत कायदा केंद्र: टेबलाला पाच स्टार, शिबिराला एक

फुकट आहे म्हणजे यथातथाच असणार असं समजून आपल्याकडच्या बायका तालुका कोर्टात मोफत कायद्याची मदत देणाऱ्या विधी सेवा समितीकडं फिरकतच नाहीत, आणि मग कानातलं मोडून कुठल्यातरी वकिलाची फी भरतात. म्हणून हा रिव्ह्यू. तालुका मराठवाड्यातला, नाव घेत नाही कारण पुढं तक्रारी पण लिहिणार आहे.

माझ्या मामेबहिणीसोबत गेले होते. नवरा अचानक गेला, दोन लेकरं शाळेत, जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर कारण भावाभावात वाटणी आधीच झालेली. तेरावं उरकलं न उरकलं तोच दीर म्हणायला लागला, वहिनी रजिस्ट्रीला चला, आईच्या नावानं हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा कागद) करून टाका, लेकरांचं आम्ही बघूच की. हिची झोप गेली, जेवण गेलं, बीपी वाढला, डॉक्टरनी गोळ्या लिहून दिल्या, पण दुखणं सातबाऱ्यावरचं, त्याला गोळी काय करणार.

आधी शिबिराचं सांगते. गावात ग्रामपंचायतीत कायदेविषयक शिबिर झालं होतं. शाल, नारळ, दीपप्रज्वलन, पुरुष खुर्च्यांवर, बाया मागं सतरंजीवर, आणि साहेब माइकवरून "सदर अधिनियमान्वये पीडित व्यक्तीस" असं वाचतायत. शेवटी म्हणे कुणाला काही प्रश्न? अहो समोर सरपंच, बाजूला सख्खा दीर, कोण उठून विचारणार? हजेरीपटावर सह्या झाल्या, फोटो निघाला, संपलं. एक स्टार देते तो फक्त पत्रकाला, कारण त्यावर 15100 हा टोल फ्री नंबर होता आणि ते पत्रक हिनं डब्यात जपून ठेवलेलं. तिथं फोन केला तेव्हा कळलं की तालुक्याच्या कोर्टातच समितीचं ऑफिस असतं.

आता टेबल. कोर्टाच्या व्हरांड्यात एक टेबल, तीन खुर्च्या, आणि एक विधी स्वयंसेविका ताई. वकील नाहीत हां, ट्रेनिंग घेतलेल्या आहेत, आधी उमेदच्या म्हणजे सरकारी बचतगट अभियानाच्या गटात सीआरपी (गावात बायकांना मदत करणारी कार्यकर्ती) होत्या त्यामुळं बाईमाणसाशी कसं बोलायचं ते पक्कं माहीत. त्यांनी पहिलं काम काय केलं तर मलाच बाहेर काढलं. "तुम्ही जरा तिकडं बसा, मला यांच्याशी एकटीशी बोलू द्या." मला राग आला खरं तर, पण नंतर कळलं की सोबत आलेलं माणूसच कधीकधी दाबणारं असतं, म्हणून त्या सगळ्यांनाच असं करतात. या एका गोष्टीला वेगळा स्टार.

मग मला परत बोलावून एका पाठकोऱ्या कागदावर वंशावळ काढली. वर मयत, खाली चार रेघा: बायको, मुलगा, मुलगी, आई. चौघांना सारखा वाटा, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं. सासूचा हक्क आहेच पण चारातला एक, सगळा नाही. आणि लेकरं अज्ञान म्हणजे 18 वर्षांखालची असताना त्यांच्या वाट्याची जमीन आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, म्हणजे दीर जी सही मागत होता ती हिनं दिली असती तरी लेकरांचं नुसतं त्या सहीवर सुटत नव्हतं. हिनं हळूच विचारलं, "ते म्हणतात मी उद्या दुसरं घर केलं तर सगळंच जातं." ताई म्हणाल्या, नवऱ्याकडून वारसानं आलेलं तुमचं ते तुमचंच, लग्न केलं म्हणून काढून घेता येत नाही. हे ऐकून ही रडली नाही, उलट चिडली, आणि मला ते बरं वाटलं.

तोवर दिरानं फक्त सासूचं नाव घालून वारस नोंदीचा अर्ज दिलेला होता. फेरफाराची म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीची नोटीस लागली की हरकतीला 15 दिवस असतात. ताईंनी तिथंच हरकत लिहून घेतली आणि बजावलं की पोच घेतल्याशिवाय तलाठी ऑफिसमधून हलायचं नाही (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय). तलाठ्यानं "सगळे वारस घेऊन या" म्हणून टोलवायचं बघितलं, ही शिक्का मिळेपर्यंत तिथंच बसून राहिली. 2025 ला राज्यभर ती जिवंत सातबारा मोहीम काढली होती ना, मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावायची, ती असल्याच घरांसाठी होती. आणि नोंद नाही लागली म्हणून हक्क बुडत नाही, सातबारा हा महसुलाचा कागद, हे पण ताईंकडूनच कळलं.

आता तक्रार. समितीनं वकील दिला, त्यांच्या पॅनेलवरचा म्हणजे यादीतला. पहिल्याच भेटीत टायपिंगचे आणि झेरॉक्सचे म्हणून पैसे मागितले. 1987 च्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील, कोर्ट फी, कागद तयार करणं सगळं फुकट, वकिलाला मानधन समिती देते. आम्ही ऑफिसात लेखी दिलं आणि वकील बदलून मिळाला, पण ते करायला लावलं म्हणून वकिलाच्या सोयीला तीनच स्टार. आणि फोन न उचलणं हा रोग नव्या वकिलालाही आहे.

अजून एक, लोकअदालतीत "मिटवून टाका" म्हणून सगळेच गोड बोलतात. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तडजोडीचा कागद आदल्या दिवशी मागून घ्या, घरी वाचा, चतुःसीमा (जमिनीच्या चारी बाजूच्या हद्दी) आणि गट नंबर तपासा, मग सही.

जाताना मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, लेकरांचे जन्मदाखले आणि सगळ्यांची आधार झेरॉक्स न्या. दुपारनंतर जा, सकाळी पुकारे चालू असतात आणि ताई आत-बाहेर करत असतात. आमच्या हरकतीची सुनावणी तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याकडं लागलीय, निकाल आला की खाली अपडेट टाकते.