रशिया, जॉर्जिया की मध्य आशिया? परदेशी एमबीबीएसची फी भरण्याआधी

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांमध्ये ‘मोफत सेमिनार’ सुरू होतात. पडद्यावर समरकंदचे निळे घुमट, तिबिलिसीच्या टेकड्या, कझानचा बर्फ. हातात ‘पॅकेज’चे पत्रक. ट्यूशन, होस्टेल, भारतीय मेस, व्हिसा, सगळे धरून एकच आकडा. त्या पत्रकात देशादेशांतला फरक फक्त फीच्या रकान्यात दिसतो. निर्णय मात्र दोन वेगळ्याच गोष्टींवर घ्यायला हवा: चौथ्या वर्षी वॉर्डात उभे राहिल्यावर समोरचा रुग्ण कोणत्या भाषेत बोलणार, आणि हातात पडणाऱ्या पदवीवर त्या देशात स्वतः डॉक्टरकी करता येते का.

एके काळी या देवाणघेवाणीत पैसा तिकडून इकडे यायचा. पवईची आयआयटी 1958 मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत यंत्रसामग्रीच्या आणि तज्ज्ञांच्या बळावर. 1960 मध्ये मॉस्कोत मैत्री विद्यापीठ निघाले आणि आपल्याकडची मुले शिष्यवृत्तीवर तिथे जाऊ लागली. आज प्रवाह उलटा आहे. परदेशी विद्यार्थ्यांकडून डॉलरमध्ये येणारी फी हा तिथल्या कितीतरी वैद्यकीय विद्यापीठांचा मोठा आधार झाला आहे. म्हणजे तुम्ही तिथे पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहात. गिऱ्हाइकाने विचारायचे असतात ते प्रश्न न लाजता विचारा.

आधी आपल्याकडचा नियम

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, म्हणजे एनएमसीची, नोव्हेंबर 2021 ची नियमावली हीच पहिली चाळणी. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, शिवाय त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिक्षण इंग्रजीतून हवे. पूर्ण शिक्षण एकाच संस्थेत व्हायला हवे. दोन वर्षे इथे, तीन वर्षे तिथे असे चालत नाही. सगळे दहा वर्षांत संपायला हवे. आणि ज्या देशाची पदवी, तिथल्या नागरिकाला मिळतो तसा परवाना त्या पदवीवर मिळण्याजोगा असला पाहिजे. नीट पात्र असणे तर गृहीतच आहे. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता परीक्षा: 300 प्रश्न, 150 ला पास, वर्षातून दोनदा. पुढे भारतातही एक वर्ष इंटर्नशिप. एफएमजीईच्या जागी नेक्स्ट ही नवी सामायिक परीक्षा येणार हे बरीच वर्षे ऐकतो आहोत; आज प्रवेश घेणाऱ्याने दोन्हीची तयारी ठेवावी.

एफएमजीईचा निकाल 2023 मध्ये 17 टक्क्यांच्या आसपास होता, 2024 मध्ये 26 च्या आसपास. सेमिनारमध्ये हा आकडा सांगितला जात नाही, किंवा ‘आमची मुले त्यात नाहीत’ असे सांगितले जाते. परीक्षा घेणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ विद्यापीठवार निकालही प्रसिद्ध करत आले आहे. तो उघडा आणि टक्क्यांच्या आधी बसलेल्यांची संख्या बघा. सात जण बसून चार पास झालेल्या विद्यापीठाचे 57 टक्के आणि दीड हजार बसलेल्या विद्यापीठाचे 25 टक्के यांची तुलनाच होत नाही.

पाच देश शेजारी शेजारी ठेवले तर

| देश | वार्षिक ट्यूशन (ठोकळमानाने, डॉलर) | वॉर्डातला रुग्ण बोलतो ती भाषा | बँकेतून फी पाठवणे |
|---|---|---|---|
| रशिया | 3,500 ते 7,000. मॉस्कोत जास्त | रशियन | अवघड |
| जॉर्जिया | 5,000 ते 8,000 | जॉर्जियन | सोपे |
| कझाकस्तान | 3,500 ते 5,000 | अल्माटीत रशियन व कझाक, दक्षिणेत कझाक | सोपे |
| उझबेकिस्तान | 3,000 ते 4,000 | उझबेक. समरकंद-बुखाऱ्यात ताजिकही | सोपे |
| किर्गिझस्तान | 3,000 च्या आगेमागे | बिश्केकमध्ये रशियन, ओशमध्ये किर्गिझ व उझबेक | बँक पाहून |

युक्रेन या तक्त्यात नाही. फेब्रुवारी 2022 नंतर तिथून हजारो मुले ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी परत आली आणि पुढची दोन वर्षे बदली, ऑनलाइन वर्ग, न्यायालये यांत गेली. आज तिकडे नवा प्रवेश घेण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

रशिया: शिक्षण जुने, अडचणी नव्या

वैद्यकीय परंपरेच्या बाबतीत रशियाशी या यादीतला कोणताही देश बरोबरी करू शकत नाही. मॉस्कोचे सेचेनोव विद्यापीठ आपला जन्म 1758 चा सांगते, कझानचे वैद्यकीय विद्यापीठ 1814 चा. वोल्गोग्राद, उफा इथेही भारतीय मुले कित्येक वर्षांपासून शिकत आहेत. अभ्यासक्रम सहा वर्षांचा. परवान्याचा मुद्दाही इथे तुलनेने स्वच्छ आहे: पदवीनंतर प्राथमिक मान्यता परीक्षा उत्तीर्ण झालेला डॉक्टर तिथल्या पॉलिक्लिनिकमध्ये विभागीय थेरपिस्ट म्हणून काम करू शकतो. मोठी सोय म्हणजे भाषा एकच. रशियन नीट शिकलात तर मॉस्कोपासून उफापर्यंत कुठल्याही वॉर्डात ती चालते.

पहिली अडचण याच भाषेची. काही विद्यापीठे ‘द्विभाषिक’ कोर्स विकतात: पहिली तीन वर्षे इंग्रजी, पुढे रशियन. ऐकायला बरे वाटते. एनएमसीच्या ‘इंग्रजी माध्यम’ या अटीत ते बसत नाही. प्रवेशपत्रावर पूर्ण सहा वर्षांचे माध्यम इंग्रजी असे लिहून घ्या. आणि तरीही रशियन शिका, कारण रुग्ण इंग्रजी बोलणार नाही.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती दिसते त्यापेक्षा मोठी आहे. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले. आपले कार्ड तिथे चालत नाही. मोठ्या रशियन बँका स्विफ्टबाहेर, म्हणजे देशोदेशी पैसे पाठवण्याच्या बँकांच्या जाळ्याबाहेर आहेत. मग फी आणि महिन्याचा खर्च जातो कसा? बहुतेक वेळा कन्सल्टंटच्या हातून, रोखीने. इथे नुसता व्यवहार महाग होत नाही. सहा वर्षे तुमची नाडी एका मध्यस्थाच्या हातात जाते, आणि त्याच्याशी बिनसले तर तुमच्याकडे धड पावतीही नसते. रशिया निवडायचाच असेल तर विद्यापीठाच्या खात्यात थेट पैसे कोणत्या बँकेतून पोहोचतात हे प्रवेशाआधी शोधा, पहिल्या सत्राची रक्कम त्याच मार्गाने पाठवा आणि विद्यापीठाची पावती हातात घ्या.

तिसरी गोष्ट युद्धाची. रशियन सैन्यात भारतीयांना कामाचे, पगाराचे आमिष दाखवून भरती केल्याची प्रकरणे 2024 पासून उघड झाली. परराष्ट्र मंत्रालयाने पुन्हा पुन्हा इशारे दिले. विद्यार्थ्याने अनोळखी माणसाने आणलेल्या ‘पार्टटाइम’ कामावर आणि रशियन भाषेतल्या न समजलेल्या कागदावर सही करू नये, हे घरातून निघतानाच स्पष्ट सांगा. सिम्फेरोपोलच्या विद्यापीठाची फी कमी आहे. पण ते क्रिमियात आहे, ज्या भूभागाची मालकीच वादात आहे. मी ते नाव यादीतून सरळ काटले असते. जमेची बाजू एवढी की कझान आणि येकातेरिनबर्ग इथे भारताचे वाणिज्य दूतावास 2025 च्या अखेरीस सुरू झाले. आता पासपोर्ट हरवला तर कझानच्या मुलाला मॉस्को गाठावे लागणार नाही.

जॉर्जिया: राहणे सोपे, परवान्याचा प्रश्न अवघड

तिबिलिसीला गेलेली मुले सहसा तक्रार करत नाहीत. शहर छान, हवामान सौम्य. काळ्या समुद्राकाठचे बाटुमी तर इतके पावसाळी आहे की सावंतवाडीच्या मुलाला घरची आठवण यावी. अभ्यासक्रम युरोपातल्या सामायिक, बोलोन्या पद्धतीचा, 360 क्रेडिटचा, सहा वर्षांचा. तिबिलिसी राज्य वैद्यकीय विद्यापीठाची फी वर्षाला 8,000 डॉलरच्या घरात. खासगी विद्यापीठांत कमी. इंग्रजी शिकवणीचा दर्जा मला या पाचांत सर्वांत बरा वाटतो. पुढे अमेरिकेची किंवा ब्रिटनची परीक्षा द्यायची असेल तर इथल्या मान्यतेचा उपयोग होतो. जॉर्जियाच्या दर्जा-नियंत्रण संस्थेला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता आहे. (कझाकस्तानातही अशी मान्यता मिळालेली संस्था आहे; ही गोष्ट सेमिनारमध्ये फारशी ऐकू येत नाही.)

पण पदवीनंतर जॉर्जियात तुम्ही ‘कनिष्ठ डॉक्टर’ ठरता. स्वतंत्र परवाना मिळतो तो रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे हॉस्पिटलातले प्रशिक्षण, आणि राज्य प्रमाणन परीक्षा झाल्यावर. एनएमसीच्या परवान्याच्या अटीपुढे हा मुद्दा उभा राहतोच. विद्यापीठाचे गुळमुळीत पत्र इथे पुरत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांत त्याच विद्यापीठातून परतलेल्यांना आपल्या राज्य वैद्यकीय परिषदेने नोंदणी दिली का, हे त्यांनाच विचारा.

आणखी एक: ऑक्टोबर 2025 मध्ये जॉर्जिया सरकारने उच्च शिक्षणात मोठा फेरबदल जाहीर केला, त्यात सरकारी विद्यापीठांनी अपवाद सोडून परदेशी विद्यार्थी घेऊ नयेत असे धोरण आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचा अनुभव तुमच्या प्रवेशाला लागू पडेलच असे नाही. या वर्षीचे प्रवेशपत्र हातात येईपर्यंत जॉर्जियाचे नाव पेन्सिलीने लिहा.

मध्य आशियातले तीन

कझाकस्तान या चर्चेत विनाकारण मागे पडतो. अल्माटीचे अस्फेंदियारोव विद्यापीठ 1930 मधले, करागांडाचे वैद्यकीय विद्यापीठही नावाजलेले, बँका चालू, कायदा-सुव्यवस्था बरी. करागांडाची थंडी क्रूर आहे, एवढे मान्य. अल्माटीत रशियनवर निभते. तीच भाषा पुढे कामाला येते.

उझबेकिस्तानकडे गर्दी वळली ती 2022 नंतर, युक्रेनमधून परतलेल्यांना तिथल्या विद्यापीठांनी जागा दिल्यावर. समरकंद राज्य वैद्यकीय विद्यापीठ 1930 चे. तिथे भारतातून अध्यापकही नेमले गेले. ही चांगली गोष्ट आहे, पण एका गैरसमजालाही जन्म देते. भारतीय प्राध्यापक वर्गात पॅथॉलॉजी उत्तम शिकवतील. वॉर्डात उझबेक किंवा ताजिक बोलणाऱ्या आजीची हिस्टरी घ्यायची वेळ येईल तेव्हा ते शेजारी नसतील. गर्दी एकदम वाढल्यावर खाटा आणि रुग्ण त्या वेगाने वाढत नाहीत, हेही लक्षात घ्या. मोठ्या विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्या गावात चालणाऱ्या शाखांपासून तर चार हात दूरच राहा, निदान एनएमसीच्या सूचना वाचेपर्यंत.

किर्गिझस्तान सगळ्यांत स्वस्त, आणि भारतीय मुलांची संख्याही प्रचंड. बिश्केकची राज्य वैद्यकीय अकादमी 1939 ची, ती गंभीरपणे विचारात घेण्याजोगी. बाकी ठिकाणी मुख्य प्रश्न कालावधीचा: पाच वर्षांच्या कोर्समध्येच इंटर्नशिप कोंबलेली असेल तर 54 अधिक 12 हे गणित बसत नाही. ‘पाच अधिक एक’ असे स्वतंत्र लिहिलेले हवे. मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले. मार मुख्यतः पाकिस्तानी मुलांना बसला, भारतीय दूतावासाने आपल्या मुलांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितले. ओश दूतावासापासून रस्त्याने 600 किलोमीटरहून दूर, मध्ये डोंगर. तिथे मुलगी पाठवताना हे अंतर नकाशावर एकदा बघा. फी कोणत्या बँकेत जाते तेही पाहा. अमेरिकेने 2025 मध्ये इथल्या बँकांवर निर्बंध लादायला सुरुवात केली.

‘दिल्लीहून तीन तास’ हे मध्य आशियाचे आकर्षण खरे होते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि इंडिगोला ताश्कंद, अल्माटीची उड्डाणे थांबवावी लागली. तिकडच्या कंपन्यांची विमाने चालू राहिली, पण पर्याय कमी झाले की सुट्टीतले तिकीट महाग होते.

मी कोणाला कुठे पाठवीन

मुलाला भारतातच डॉक्टरकी करायची आहे, तो भाषा मनापासून शिकेल आणि घर थेट बँकेतून पैसे पाठवण्याचा खटाटोप करील, तर रशियातले जुने सरकारी विद्यापीठ. युद्धाची धास्ती असेल तर तेच मोजमाप लावून अल्माटी किंवा करागांडा. बजेट मोकळे आहे आणि नजर अमेरिका-ब्रिटनवर आहे, तर जॉर्जिया, प्रवेशाचे धोरण स्पष्ट झाल्यावर. बजेट घट्ट असेल तर समरकंद किंवा बिश्केकच्या अकादमीसारखी एखाद-दुसरी जुनी संस्था, आणि पहिल्या वर्षापासून एफएमजीईचा अभ्यास. कर्ज काढूनही एवढेच जमत असेल आणि मुलाला भाषेचा कंटाळा असेल, तर आणखी एक वर्ष नीट द्यावी, किंवा इथेच बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपीचा विचार करावा. हे सेमिनारमध्ये कोणी सांगणार नाही, कारण त्यात कमिशन नाही.

पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठातल्या चौथ्या किंवा पाचव्या वर्षाच्या मराठी मुलाला फोन करा, कन्सल्टंटने दिलेल्या नंबरावर नव्हे, तुमच्या गावातून कोण गेले आहे ते शोधून. होस्टेल कसे, जेवण कसे हे शेवटी विचारा. आधी विचारा: या आठवड्यात कोणत्या हॉस्पिटलात गेलास, एका रुग्णाभोवती किती जण उभे होता, आणि त्याच्याशी तू स्वतः काय बोललास.