देशी झाडांची बाग : 18 महिन्यांनंतर

देशी झाडांना काही करावं लागत नाही, हे दुसऱ्या वर्षापासून खरं. पहिलं वर्ष ती चांगलीच राबवून घेतात. हा अनुभव अडुळसा, निर्गुडी, रुई, कढीपत्ता आणि शतावरी या पाचांचा. (पांढरा चाफा आणि सदाफुली यांत नाहीत. लोक त्यांना सर्रास देशी समजतात, पण चाफा मूळचा अमेरिकेतला आणि सदाफुली मादागास्करची.)

सगळ्यात जास्त घोळ लागवडीत होतो. खड्डा रोपाच्या पिशवीच्या दुप्पट रुंद हवा, पण खोल मात्र मुळांच्या गड्ड्याइतकाच. जास्त खणलं की खालची भुसभुशीत माती नंतर दबते, रोप खचतं आणि बुंधा मातीत गाडला जाऊन कुजतो. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ब्लेडने चारी बाजूंनी उभे काप द्या, साधारण 2 सेंमी खोल. नाही दिले तर मुळं त्याच गोलात फिरत राहतात. झाड वरून हिरवंगार, पण हात लावला की डुगडुगतं. खड्ड्यात शेणखत ओतायचा मोहही आवरा. भरमसाट खताने फुटवे लुसलुशीत येतात आणि त्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) हटकून बसतो.

पाणी पहिले दोन आठवडे दोन-तीन दिवसांनी, मग पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, झाडामागे 10 लिटर, सावकाश. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच्या थरातच राहतात. खुरप्याने 10 सेंमी उकरा. माती ओलसर लागली तर पाण्याला सुट्टी. पालापाचोळा 7-8 सेंमी जाड पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब.

पानं कुरतडलेली दिसणारच. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. त्या फुलपाखरांच्या, म्हणून फवारणी नको. रोप अगदी लहान असेल तर मात्र तीन-चार अळ्याही त्याला बोडकं करतात. तेव्हा उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडा. रुईचा चीक डोळ्यांना घातक. घरात लहान मुलं असतील तर ती लावूच नये.

निर्गुडी 3 मीटर पसरते, हे वीतभर रोपाकडे बघून पटत नाही. भिंतीपासून दीड मीटर सोडा. फुलोरा संपला की वर्षातून एकदा छाटणी पुरते. अडुळशाबद्दल तक्रार शून्य. आणि शतावरी कोरड्या महिन्यांत पार वाळली तरी मेली समजून उपटू नका, पाऊस पडला की कंदातून कोंब वर येतात.