आरटीएक्स ३०६० : वजिरांच्या कोड्यासाठी सात महिने वापरल्यानंतर

सर्व्हिस सेंटरमधून पंखा बदलून आलेले ग्राफिक्स कार्ड घरी बसवले आणि पहिल्याच रात्री ते पूर्वीसारखेच खरखरले, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला आहे. कार्डाची वैशिष्ट्ये सांगत बसत नाही. १२ जीबी मेमरी, ३,५८४ कोअर (गणित करणारे छोटे भाग) आणि १७० वॉट हे आकडे खोक्यावर असतात आणि घेणाऱ्यांना ते पाठही असतात. चिप एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ३०६० आहे. तिच्याभोवती कार्ड जुळवणाऱ्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. डिसेंबरात लॅमिंग्टन रोडवर २६,५०० रुपये मोजले आणि खोके मांडीवर घेऊन मुलुंडपर्यंत लोकलने आणले. मी खेळ खेळत नाही, चित्रफितीही बनवत नाही. मला या कार्डाकडून एकच काम हवे होते, ते म्हणजे वजिरांच्या कोड्याची उत्तरे मोजणे.

कोडे बहुतेकांना ठाऊक असते. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे मांडायचे की कोणी कोणाच्या माऱ्यात येऊ नये. माक्स बेझेल यांनी ते १८४८ साली मांडले, फ्रान्झ नाउक यांनी १८५० मध्ये उत्तरे दिली आणि प्रश्न मोठ्या पटांपर्यंत नेला. आठाच्या पटावर ९२ मांडण्या निघतात. पट फिरवून किंवा आरशात पाहून सारख्या होणाऱ्या एकच धरल्या तर १२ उरतात. एखादी मांडणी शोधणे अवघड नाही. सगळ्या मांडण्या मोजायच्या म्हटल्या की मात्र थेट सूत्र कोणाजवळ नाही, आणि पट एका घराने वाढला की काम सुमारे आठ ते दहा पटींनी वाढते.

माझ्या जुन्या सहा कोअरच्या संगणकावर २० च्या पटाला एका कोअरवर दोन तास लागत आणि सगळे कोअर कामाला लावले तर बावीस मिनिटे. पद्धत नेहमीचीच होती. व्यापलेले उभे स्तंभ एका संख्येच्या बिटांत ठेवायचे, दोन्ही तिरप्या रेषा आणखी दोन संख्यांत ठेवायच्या, आणि खालच्या ओळीत उतरताना एक तिरपी रेषा डावीकडे व दुसरी उजवीकडे एका घराने सरकवायची. मोकळ्या घरांच्या संख्येचा तिच्याच ऋण संख्येशी बिटवार 'अँड' घेतला की सर्वांत उजवीकडचे मोकळे घर हाती येते. या सगळ्यात बेरीज, सरकवणे आणि तुलना एवढीच कामे आहेत, गुणाकारसुद्धा नाही. असल्या हलक्या कामाला साडेतीन हजार कोअर मिळाले तर ते चुटकीसरशी होईल, अशी माझी समजूत होती.

पहिल्या आवृत्तीने २० च्या पटाला चौदा मिनिटे घेतली. साडेसव्वीस हजार रुपये खर्चून बावीसाची चौदा मिनिटे झाली, हे मी घरात कोणाला सांगितले नाही.

दोष कार्डाचा नव्हता, हे कळायला महिना गेला. या चिपमध्ये ३२ थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांचा, एक गट, ज्याला वार्प म्हणतात, एकच आज्ञा एका वेळी पाळत असतो. मी पहिल्या चार ओळींतले वजीर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, म्हणजे सीपीयूवर, मांडून घेत होते आणि प्रत्येक अर्धवट मांडणी एकेका थ्रेडला देत होते. काही मांडण्या लगेच कोंडीत सापडून संपतात, तर काहींच्या फांद्या खूप खोल जातात. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत कोणी उठत नाही, तशी ३२ जणांची ती पंगत एकासाठी बसून राहत होती. मग मी चाराऐवजी सहा ओळी आधी मांडल्या, त्यामुळे कामाचे तुकडे लहान आणि पुष्कळ झाले. ज्याचे काम संपेल त्याने सामायिक मोजणीतून पुढचा तुकडा उचलावा, अशी व्यवस्था केली. फंक्शनने स्वतःलाच हाक मारण्याची सोय काढून टाकली, साधा लूप लिहिला आणि कोंडी झाली की मागे वळण्यासाठी (बॅकट्रॅकिंगसाठी) लागणारी नोंद चिपमधल्या शेअर्ड मेमरीत ठेवली. पहिल्या ओळीतला वजीर फक्त डाव्या अर्ध्या भागात ठेवून उत्तर दुप्पट करायचे, ही आरशाची युक्ती आधीपासून होतीच. फेब्रुवारीच्या अखेरीस २० चा पट तीन मिनिटांत सुटला आणि ३९,०२,९१,८८,८८४ हा आकडा पडद्यावर आला.

मधे एक फजितीही झाली. १९ च्या पटाचे उत्तर ६७,३०,९०,५५२ आले. १८ चे उत्तर ६६,६०,९०,६२४ असल्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी शोभून दिसत होते आणि मी क्षणभर समाधानीही झाले. मग ध्यानात आले की एक ओळ वाढून उत्तर सात-आठ पट व्हायला हवे होते, ते जागचे हललेच नव्हते. एकूण बेरीज मी ३२ बिटांच्या चलात ठेवली होती. त्यात ४,२९,४९,६७,२९६ ला पोहोचताच मोजणी पुन्हा शून्यावर येते. खरे उत्तर ४,९६,८०,५७,८४८ आहे. त्यातून ती मर्यादा वजा करा, नेमका माझा आकडा मिळेल. सुदैवाने २७ पर्यंतची उत्तरे पूर्णांक-श्रेणींच्या विश्वकोशात ए०००१७० या क्रमांकाखाली छापलेली आहेत, त्यामुळे पडताळा घेता येतो.

माझी कुरकुर आहे ती खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ३,५८४ कोअर दशांशी गणितासाठी खरेच आहेत, पण या पिढीत पूर्णांकांचे गणित त्यांतल्या निम्म्यांनाच करता येते. वजिरांचे कोडे पूर्णपणे पूर्णांकांचे, म्हणजे माझ्या वाट्याला १,७९२ आले. १२ जीबीची कथा तर याहून करुण आहे. माझा प्रोग्राम शे-दीडशे एमबीच्या वर कधी गेलेला नाही. दोन खोल्यांची जागा भाड्याने घेऊन फळीवर एक डबा ठेवावा, तसे झाले. याच कामासाठी कार्ड घेणाऱ्याने मेमरीच्या आकड्याला भुलू नये.

आता पंख्याकडे येते. एप्रिलमध्ये डावा पंखा आवाज करू लागला. आवाज सतत नव्हता. पंखा सुरू होताना 'खर्र' असा दोन सेकंद येई आणि पुढे मिनिटाला १,५०० ते १,७०० फेऱ्यांच्या दरम्यान मधूनमधून खरडल्यासारखा होई. त्याच्या खाली किंवा वर पंखा अगदी गप्प असे. आमच्या घरात संगणक आणि सासूबाईंचा पलंग यांच्यामध्ये एक पडदा आहे. तिसऱ्या रात्री त्या म्हणाल्या, "अगं, ती तुझी गिरणी रात्री तरी बंद ठेव." मी उठून कॅबिनेटचे झाकण काढले, पंख्याच्या मधल्या गोलावर बोट हलकेच टेकवले तर कंप बोटाला जाणवत होता आणि दाब दिला की आवाज थांबत होता. कार्डाचे तापमान तेव्हा ६६ अंश होते, वेग पूर्ण होता, उत्तरे बरोबर येत होती. तरीही पुढचे दोन महिने मी कामाच्या वेगाबद्दल कमी आणि त्या पंख्याबद्दल जास्त विचार केला, हे कबूल करते.

हमी तीन वर्षांची होती. सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी कार्ड उलटसुलट पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, यावर माइनिंग केलंय ना?" माइनिंग म्हणजे कार्ड रात्रंदिवस चालवून आभासी चलन मिळवणे. मी नाही म्हणाले. "मग रात्रभर का चालवता?" मी वजिरांचे कोडे सांगितले, त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते माइनिंगपेक्षाही संशयास्पद वाटले असावे. पंखा अतिवापराने झिजला आहे, हमीत बसणार नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. हमीपत्रात तासांची मर्यादा कुठे लिहिली आहे ते दाखवा आणि नकार लेखी द्या, असे मी म्हणाले. दोन्ही झाले नाही. दुसऱ्या खेपेला मी प्रोग्रामची दोन पाने छापून नेली. आतून एक तरुण तंत्रज्ञ बाहेर आला, पाने पाहून म्हणाला, "हे आठ वजिरांचंच ना? आम्हाला बॅकट्रॅकिंगमध्ये होतं." पावती त्यानेच फाडली. सतरा दिवसांनी कार्ड मिळाले, आणि पुढचे वर लिहिलेच आहे.

इथपर्यंतचा मजकूर दोन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवला होता आणि शेवटी दोनच तारे द्यायचे ठरवले होते. त्यानंतरच्या चार दिवसांत मला त्यातला काही भाग मागे घ्यावा लागत आहे.

नवा पंखाही वेगाच्या त्याच पट्ट्यात खरखरतो म्हटल्यावर मी त्याच्या वेगाची नोंद रात्रभर ठेवली. त्यात दिसले की पंखा एका रात्रीत चाळीसेक वेळा थांबून पुन्हा सुरू होत होता. कारण माझ्याच प्रोग्राममध्ये होते. कामाचा एक हप्ता, म्हणजे कार्डाला एका वेळी दिलेला तुकड्यांचा गठ्ठा, संपला की सीपीयू पुढच्या हप्त्याच्या सहा-ओळी मांडण्या तयार करी आणि तेवढा वेळ कार्ड रिकामे बसे. ते थंड झाले की पंखा आपोआप बंद होई, काम आले की पुन्हा झटक्याने फिरू लागे, आणि प्रत्येक वेळी तो खरखरीच्या पट्ट्यातून वर-खाली जाई. खिडकीवरच्या गृहस्थांचे 'अतिवापर' हे निदान चुकीचे होते, पण पंख्याच्या त्रासात माझा हात होता. आता कार्ड एका हप्त्यावर असतानाच पुढचा तयार होतो, त्यामुळे पंखा एकदा सुरू झाला की सुरूच राहतो.

दुसरी गोष्ट अधिक आनंदाची आहे. ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या आज्ञेने कार्डाची वीजमर्यादा १७० वरून १२० वॉटवर आणली. २० चा पट तीन मिनिटांऐवजी सव्वातीन मिनिटे घेऊ लागला, पण तापमान ५८ अंशांवर आले आणि पंखा १,४०० फेऱ्यांच्या वर जाईनासा झाला. खरखर पूर्ण थांबली. सासूबाईंनी काल विचारले की गिरणी विकली का. एवढ्याशा आज्ञेने जे झाले त्यासाठी सतरा दिवस कार्डाविना काढले, याचा राग आता नक्की कोणावर काढावा हे कळत नाही. कंपनीने हा पट्टा टाळणारा वेग कारखान्यातच बसवायला हवा होता, हे मत मात्र कायम आहे.

वेगाचा हिशेब असा : वीजमर्यादा कमी करण्याआधी २१ च्या पटाला पंचवीस मिनिटे, २२ ला साडेतीन तास, २३ ला तेहतीस तास लागले. २३ चे उत्तर २,४२,३३,९३,७६,८४,४४० छापील आकड्याशी तंतोतंत जुळले, तेव्हा दुपारी ऑफिसातून घरी फोन करून मुलाकडून पडद्यावरचे आकडे दोनदा वाचून घेतले होते. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ साली २७ चा पट मोजला, पण तो ग्राफिक्स कार्डांवर नव्हे, तर याच कामासाठी आतली जोडणी बदलून घेतलेल्या एफपीजीए चिपांवर. माझ्या कार्डाने तिथे जायचे म्हटले तर माझ्या नोकरीची उरलेली वर्षे पुरणार नाहीत.

म्हणून २४ वर थांबायचे ठरवले आहे. नव्या मर्यादेवर त्याला चौदा दिवस लागतील. भिंतीतल्या प्लगला मीटर लावून पाहिले तर सगळा संगणक १८० वॉट घेतो, म्हणजे दिवसाला साधारण ४.३ युनिट आणि एकूण साठ. आमचे घर महिन्याला २६० ते २६५ युनिट वापरते आणि ३०० च्या पुढे वरचा दर लागतो. तो फक्त वरच्या युनिटांनाच लागतो, फरक फार नाही, हे मला कळते. तरीही मोजणी दोन बिलांत वाटून घेतली आहे. प्रत्येक हप्त्याची बेरीज डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे प्रोग्राम कुठेही थांबवून तिथूनच पुढे नेता येतो. पहिले सात दिवस काल पूर्ण झाले. कार्ड बंद आहे, वर फडके टाकले आहे. ११ तारखेला मीटरचे वाचन झाले की उरलेले सात दिवस लावीन.

तारे दोनावरून साडेतीन केले आहेत. अर्धा तारा पंख्यासाठी कापलेला आहे, आणि एक त्या १२ जीबीसाठी.